पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा आणि कोल्हापूरचा कान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण राजारामपुरीतल्या एका घरी जमतो आणि एक सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. ऐकताना बोलायचं नाही, चहा नंतर. नवीन कुणी आलं की चहाबरोबर प्रश्न निघतात, आणि ते बहुधा तेच तेच असतात. प्रश्न चांगले असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मंडळापुढे होतो तोच ना?

शब्द तोच, गोष्ट वेगळी. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की निवेदक, दोन-तीन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि रात्री दहापर्यंत सिनेमाची गाणी. इथे ज्याबद्दल लिहिलंय तो सिंफनी ऑर्केस्ट्रा. सत्तर ते शंभर वादक अर्धवर्तुळात बसतात. निम्म्याहून जास्त जण तंतुवाद्यांचे: पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि माणसाएवढा उंच डबल बास. त्यांच्या मागे बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून ही फुंकवाद्यं. त्यामागे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, आणि सगळ्यात मागे तालवाद्यं. यातली क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट आपल्याला नवी नाहीत. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांच्या हातात ती लहानपणापासून पाहिलेली आहेत.

मोठा फरक आवाजाचा आहे. इथे माइक नसतो. ज्या गावाने मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती छातीवर झेलल्यात, त्या गावातल्या माणसाला हे आधी खरं वाटत नाही. नव्वद माणसं लाकूड, तार आणि श्वास यांच्या बळावर हजार लोकांचं सभागृह भरून टाकतात, आणि त्यानंतर एकच ओबो हळू वाजतो तोही शेवटच्या रांगेत पोचतो. आपल्या संगीत रंगभूमीला हे माहीत होतं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधलं, पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव लागलं, त्या काळी नट माइकशिवायच गात होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या वास्तूला आग लागली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की बिनमाइकचा आवाज ज्यांनी अंगावर घेतलाय अशा भिंती जळताहेत.

आम्ही ख्याल ऐकत वाढलो. आम्हाला हे समजणार का?

हा प्रश्न देवल क्लबात, म्हणजे कोल्हापूरच्या जुन्या संगीतसंस्थेत, मैफिली ऐकलेली ज्येष्ठ मंडळी विचारतात, आणि मला वाटतं त्यांनाच सगळ्यात लवकर समजतं.

जयपूर-अत्रौली गायकीचा श्रोता काय करतो ते आठवा. विलंबित तीनताल सुरू होतो. राग अनवट आहे, एखादा जोडराग आहे, चलन सरळ नाही. तो घाई करत नाही. मुखडा कानात साठवतो आणि प्रत्येक आवर्तनात तो कुठल्या वाटेने परत येतोय ते पाहत राहतो. चिमूटभर सामग्रीतून तासभराची इमारत कशी उभी राहते, हे ऐकण्याची त्याला सवय असते. सिंफनी ऐकायला नेमकी हीच सवय लागते. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग चार स्वरांच्या तुकड्यावर उभा आहे: तीन आखूड, एक लांब. पुढची सात-आठ मिनिटं तो तुकडा उलटतो, खाली जातो, हॉर्नकडून व्हायोलिनकडे सरकतो, कुजबुजतो, अंगावर येतो. बढत म्हणजे तरी दुसरं काय?

फरक आहेत आणि ते लपवू नयेत. पहिला म्हणजे इथे तानपुरा नाही. आपला षड्ज मैफिलभर जागचा हलत नाही, त्यांचा हलतो. चालू संगीतात 'घर' बदलतं आणि बऱ्याच वेळाने मूळ घरी परतणं होतं. षड्जचालन, म्हणजे दुसराच स्वर षड्ज मानून पुढे जाणं, ठाऊक असणाऱ्याला हे पटकन उमगेल. समेची वाट आपण सोळा मात्रा पाहतो, इथे कधी कधी आठ मिनिटं पाहावी लागते. दुसरा फरक, एका वेळी एकच सुरावट नसते. तीन-चार ओळी एकत्र चालतात आणि त्यांच्या एकत्र वाजण्याला अर्थ असतो. पहिल्या वेळी सगळ्या ओळी पकडायचा प्रयत्न करू नका. एक वाद्य धरा, चेलो धरा, आणि पूर्ण वेळ त्याच्याच मागे चाला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

तिसरा फरक मला अजून बोचतो. वादक स्वतःचं काही सुचून वाजवत नाही. सगळं लिहिलेलं. ज्याला उपज हवी त्याला सुरुवातीला इथे गुदमरल्यासारखं होतं. पण तीच रचना दोन वेगळ्या कंडक्टरांची, म्हणजे ऑर्केस्ट्राचं संचालन करणाऱ्यांची, लागोपाठ ऐका, मग लिहिलेल्यातही किती मोकळी जागा असते ते कळतं.

सुरू करण्याआधी सगळे मिळून एकच सूर का वाजवतात?

जुळवून घेतात. ओबो एक स्वर देतो, बाकीचे त्याला मिळवतात. पेटीवरची पांढरी सहा, सेकंदाला ४४० कंपनं. युरोपातले बरेच ऑर्केस्ट्रा किंचित चढे, ४४२-४४३ वर लावतात. आपल्याकडे गायकाची पट्टी वेगळी म्हणून तानपुरा त्याच्यासाठी लागतो. तिथे कुणा एकाची पट्टी नाही, शंभर जणांची मिळून एक. मला ते अर्धं मिनिट फार आवडतं. तानपुरे जुळताना होतं तसंच पोटात काहीतरी हलतं.

कंडक्टर नक्की करतो काय? नव्वद पट्टीचे वादक, समोर कागद, मग हात हलवणारा कशाला?

पाचव्या सिंफनीचाच दाखला घेऊ. सगळ्यांना वाटतं ती त्या चार स्वरांनी सुरू होते. कागदावर ती शांततेने सुरू होते. पहिल्या जागी अर्ध्या मात्रेचा विराम आहे, आणि त्या विरामानंतर सगळ्या तंतुवाद्यांनी एका क्षणी तुटून पडायचं आहे. न वाजलेली ती जागा किती लांबीची, हे कुणीतरी एकानेच ठरवायला हवं. लगेच चौथा स्वर येतो, त्यावर 'थांबून राहा' अशी खूण आहे. किती वेळ, ते लिहिलेलं नाही. कुणी झटकन सोडतो, कुणी श्वास कोंडेपर्यंत धरतो. तिथूनच त्या रात्रीचा बीथोव्हन ठरतो.

खरं काम मात्र कार्यक्रमात दिसत नाही, ते तालमीत झालेलं असतं. कुणाचा आवाज दुसऱ्याच्या खाली राहायचा, गज कुठे जड पडायचा, 'जोरात' लिहिलंय म्हणजे किती जोरात.

या कामात जगाने मानलेला माणूस आपल्या मुंबईचा आहे. झुबिन मेहता, जन्म १९३६. वडील मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. मुलाला आधी डॉक्टर करायचं घाटत होतं. १९५४ मध्ये तो व्हिएन्नाला शिकायला गेला आणि पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्रायल असे ऑर्केस्ट्रे त्याने वर्षानुवर्षं सांभाळले. व्हिएन्नाचा नववर्षाचा कार्यक्रम जगभर टीव्हीवर दिसतो, तो त्यांनी पाच वेळा केला: १९९०, १९९५, १९९८, २००७, २०१५.

टाळ्या कधी वाजवायच्या?

सिंफनीचे साधारण चार भाग असतात. आजची रीत अशी की चौथा संपल्यावर टाळ्या. मधल्या शांततेत लोक खोकून घेतात. आपल्याला हे अवघड जातं, कारण आपली दाद जागच्या जागी निघते. चांगली जागा गेली आणि मान हलली नाही तर गायकालाच वाईट वाटेल.

मुंबईत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पहिल्या भागानंतर माझी टाळी पडली आणि शेजारच्यांनी वळून पाहिलं. नंतर वाचनात आलं की ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात बीथोव्हनची सातवी सिंफनी पहिल्यांदा झाली तेव्हा श्रोत्यांनी दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला होता. म्हणजे वन्स मोअर त्यांच्याकडेही होता. गप्प बसण्याची शिस्त पुढची आहे. सभागृहात ती पाळावी, कारण शेजाऱ्याने तिकीट काढलेलं असतं. पण आत दाटून आलं तर त्याची लाज वाटून घेऊ नका.

सध्या या जगात कसली चर्चा आहे?

कंडक्टरांच्या नेमणुकांची, आणि तिच्या आडून पैशाची.

क्लाउस मॅकेला हा फिनलंडचा तरुण, जन्म १९९६. अॅमस्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाऊ आणि अमेरिकेतला शिकागो सिंफनी, असे दोन थोर ऑर्केस्ट्रा २०२७ पासून एकाच वेळी त्याच्याकडे यायचे आहेत. एक १८८८ चा, दुसरा १८९१ चा. त्याच्या गुणाबद्दल मला शंका नाही. माझी काळजी वेळेची आहे. ऑर्केस्ट्रालाही घराणं असतं. शिकागोची पितळी वाद्यं दोन मिनिटांत ओळखू येतात, अॅमस्टरडॅमच्या तंतुवाद्यांचा मऊपणा वेगळा. असा आवाज राखायला, वाढवायला मुक्काम लागतो. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी शिष्यांना वर्षानुवर्षं समोर बसवून गायकी दिली, विमानतळावरून येता-जाता दिली नाही. दोन खंडांत दोन घराणी एकाच माणसाने जपायची, हे मला पटत नाही.

दुसरी बातमी गुस्ताव्हो दुदामेलची. २०२६-२७ च्या हंगामापासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची धुरा त्याच्याकडे. हा व्हेनेझुएलाचा, तिथल्या 'एल सिस्तेमा'मधून घडलेला. १९७५ मध्ये होसे अंतोनियो अब्रेऊ यांनी सुरू केलेल्या या योजनेत गरीब वस्त्यांतल्या मुलांना वाद्यं हातात देऊन थेट ऑर्केस्ट्रात बसवतात. एकट्याने रियाज करून तयार झाल्यावर मंचावर, असं नाही. पहिल्यापासून सगळ्यांबरोबर. तालमीत कुस्ती शिकणाऱ्या पोरांच्या गावाला हे समजावून सांगावं लागू नये.

तिसरी बातमी दुःखाची. एसा-पेक्का सालोनेन या मोठ्या कंडक्टर-संगीतकाराने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं की सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबरचा करार तो वाढवणार नाही, कारण संस्थेच्या भविष्याबद्दल त्याचं आणि संचालक मंडळाचं ध्येय एक राहिलेलं नाही. मागे खर्चकपातीचा वाद होता. २०२५ च्या उन्हाळ्यात तो ती संस्था सोडून गेला. वादक आणि श्रोते, दोघांनाही तो हवा होता.

अमेरिकेतले ऑर्केस्ट्रा देणगीदारांवर चालतात, जर्मनीत सरकारी पैसा मोठा असतो. तिकिटावर कुणाचंच भागत नाही. आपण हे अनुभवलंय. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. आश्रय देणारा एक माणूस गेला की गावाचं संगीत कसं उठून दुसरीकडे जातं, हे देवल क्लबाच्या परिसरातला त्यांचा पुतळा पाहिला की मला आठवतं. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोची बातमी दूरची वाटली नाही.

कंडक्टर कोण निवडतं?

बहुतेक ठिकाणी व्यवस्थापन. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये वादक स्वतः मतदान करतात. सध्याचे किरिल पेट्रेंको यांना त्यांनी २०१५ मध्ये निवडलं, त्यांनी सूत्रं घेतली २०१९ मध्ये.

ऑर्केस्ट्रात बायका किती?

आज भरपूर, पण फार उशिरा. बर्लिनने पहिली स्त्री वादक घेतली १९८२ मध्ये. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९९७ पर्यंत स्त्रियांना सदस्यत्वच दिलं नव्हतं. हार्पवादक अना लेलकेस तिथे त्याआधी अनेक वर्षं वाजवत होती, सदस्य म्हणून मान्यता मात्र तेव्हा मिळाली. अमेरिकेत निवडीच्या वेळी उमेदवार पडद्याआड बसवायची पद्धत आली आणि बरंच बदललं. परीक्षकांना फक्त सूर ऐकू येतो.

केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या गायकीची पताका उचलून धरली होती, तेव्हा व्हिएन्नात बाईला खुर्ची नव्हती. अर्थात मोगूबाईंना तालमीसाठी काय काय सोसावं लागलं हे ज्यांना ठाऊक आहे ते यावर फार ताठ मानेने बोलणार नाहीत.

भारतात असा ऑर्केस्ट्रा आहे का?

व्यावसायिक म्हणावा असा एक. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात. खुशरू सुनटुक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह यांनी २००६ मध्ये स्थापन केला. साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबर असे वर्षाला दोन हंगाम असतात. त्यात परदेशी वादकच जास्त आहेत, भारतीय थोडे. यावर नाकं मुरडली जातात. मला वाटतं टीका करण्याआधी विचारावं की आपल्याकडे बसून हे वाद्य किंवा व्हायोला शिकायला मूल पाठवणार कुठे? त्याच संस्थेने मुलांसाठी अकादमी काढली आहे, उत्तर तिथून येईल आणि त्याला वीस-पंचवीस वर्षं लागतील.

याच ऑर्केस्ट्राने २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांची 'पेशकार' ही तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना पहिल्यांदा सादर केली. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले त्यानंतरच्या रविवारी आम्ही दुसरं काही लावलं नाही.

आपल्या संगीताशी या प्रकाराचं जुनं काही नातं आहे, की नुसतं फ्यूजन?

नातं आहे, आणि एक धागा तर थेट महाराष्ट्रातून निघतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघणाच्या दरबारी, शार्ङ्गदेव होता. हा सिंघण म्हणजे पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाला हरवणारा, आपल्या इतिहासातला. शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये १२० देशी ताल नोंदवले. सातशे वर्षांनी ऑलिव्हिए मेसियां या फ्रेंच संगीतकाराला ती यादी सापडली आणि त्याने आयुष्यभर त्या तालांचा अभ्यास केला. त्याची 'तुरंगलीला' ही प्रचंड सिंफनी १९४९ मध्ये बॉस्टनला झाली. नाव संस्कृत: तुरंग आणि लीला. देवगिरीत लिहिलेले ताल बॉस्टनमध्ये वाजले. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीने तरी यावं असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडचा गुस्टाव होल्स्ट संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांना त्याने चाली दिल्या, महाभारतातल्या सावित्रीवर छोटा ऑपेरा लिहिला. रविशंकरांनी सतार आणि ऑर्केस्ट्रासाठीची पहिली रचना १९७१ मध्ये लंडन सिंफनीबरोबर केली, दुसरी झुबिन मेहतांबरोबर न्यूयॉर्कला. आणि ८ मार्च २०२५ रोजी इळैयराजांची पहिली सिंफनी, 'व्हॅलिअंट', लंडनमध्ये वाजली.

सिनेमातून तर हे संगीत आपल्या घराघरांत आधीच आलेलं आहे. 'छाया'मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' गुणगुणून पाहा. सलील चौधरींनी ती चाल मोझार्टच्या १७८८ च्या चाळिसाव्या सिंफनीतून घेतली. त्या काळच्या व्हायोलिनच्या रांगांमध्ये गोव्याचे वादक बसायचे. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू.

आणखी एक गोष्ट. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली. तिच्यावर बीथोव्हनची पाचवी आहे आणि केसरबाईंची भैरवीही आहे, 'जात कहाँ हो'. कोल्हापूर दरबारच्या गवयाची शिष्या आणि व्हिएन्नाचा बीथोव्हन एकाच तबकडीवर ताऱ्यांमधल्या अवकाशात निघून गेलेत.

कोल्हापुरातून प्रत्यक्ष ऐकायचं तर कसं?

रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, सकाळी सीएसएमटी. तिथून एनसीपीए टॅक्सीने जवळ आहे. जमशेद भाभा थिएटरमध्ये साधारण अकराशे खुर्च्या आहेत. वरच्या मजल्यावरची स्वस्त जागा घ्या, आवाज वर छान मिसळतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा दिसतो. कार्यक्रम संध्याकाळी असतो, तेव्हा त्याच रात्री परतायचा हट्ट नको. कुणा नातेवाइकाकडे मुक्काम ठरवून ठेवा.

आंबोलीचा घाट उतरून गोवा हा दुसरा पर्याय. तिथे घरात व्हायोलिन असणं नवलाचं नाही, चर्चमुळे स्वरलिपी वाचणारी माणसं गावोगाव आहेत. पूर्ण सिंफनी क्वचित, पण छोट्या वाद्यमेळाचे चांगले कार्यक्रम होतात.

घरी कशावर ऐकावं?

मोबाइलच्या स्पीकरवर नको. डबल बास आणि चेलो त्यातून येतच नाहीत, म्हणजे अर्धी इमारत पायाविना. साधे वायरवाले हेडफोन चालतील. आणि आवाज सुरुवातीला थोडा कमी ठेवा. हळू भाग ऐकू येत नाही म्हणून वाढवला तर पुढे दचकाल. बर्लिन फिलहार्मोनिकचे कार्यक्रम त्यांच्या डिजिटल कॉन्सर्ट हॉलवर पैसे भरून पाहता येतात. यूट्यूबवर कितीतरी ऑर्केस्ट्रा पूर्ण सिंफनी फुकट देतात. सुरुवातीला पाहत ऐकलेलं बरं, कोण काय वाजवतंय ते डोळ्यांना कळतं.

मुलीला व्हायोलिन शिकवायचं आहे. कुठल्या पद्धतीने?

आधी शिक्षक कुठल्या पद्धतीचे ते विचारा, कारण वाद्य एक असलं तरी शरीर वेगळं घडतं. हिंदुस्तानी पद्धतीत मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून वाजवतात, तारा षड्ज-पंचमात लावतात आणि मींड हे मुख्य. पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य खांदा आणि हनुवटीमध्ये, तारा ठरलेल्या चार स्वरांत, आणि पहिल्या महिन्यापासून स्वरलिपी वाचायची. इकडे गांधर्वच्या परीक्षा, तिकडे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या. दोन्ही एकदम सुरू करू नका. चांगला शिक्षक ज्या पद्धतीचा मिळेल ती पद्धत घ्या, आणि घरी तिला गायला लावा. सूर गळ्यात नसेल तर बोटांत येत नाही.

झोप लागली तर?

लागू दे. विलंबित ऐकताना लागत नाही का?

पहिल्यांदा नेमकं काय लावू?

बीथोव्हनची सातवी सिंफनी, दुसरा भाग. साधारण आठ-नऊ मिनिटं. आधी फुंकवाद्यांचा एक उदास सूरमेळ उमटतो आणि विरतो. मग खालून, व्हायोला-चेलो-बासमधून, एक ठेका सुरू होतो: लांब, आखूड-आखूड, लांब, लांब. सुरावट जवळजवळ नाहीच, एकच स्वर पुन्हा पुन्हा. मांडीवर बोटाने तो ठेका धरा. थोड्या वेळाने तो दुसऱ्या व्हायोलिनकडे जाईल, आणि त्याच क्षणी खाली व्हायोला आणि चेलो एक लांब गाणं सुरू करतील. बोट ठेक्यावरच राहू द्या, कान त्या गाण्याकडे न्या. पुढे पहिली व्हायोलिन येतील, शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा. मध्येच क्लॅरिनेट उजेडाचा एक तुकडा घेऊन येईल, तेव्हाही नीट ऐका, खाली बासमध्ये तो ठेका चालूच असतो. शेवटी सुरुवातीचा तोच सूरमेळ परत येतो. संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका.